कॉलेजचा प्लेसमेंट सेल नोकरी देतो का? मग तो नेमकं करतो काय?

गिरगावातल्या फणसवाडीत राहणाऱ्या मुलामुलींना कॉलेजसाठी फार लांब जावं लागत नाही. चौपाटीसमोर विल्सन आहे, धोबीतलावला सेंट झेवियर्स आहे, चर्चगेटच्या बाजूला सिडनहॅम, के. सी., जयहिंद आणि एच. आर. आहेत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन आहे. यातली बहुतेक कॉलेजं चालत किंवा एका बसमध्ये गाठता येतात. विल्सनची सुरुवात १८३२ ची, झेवियर्सची १८६९ ची आणि सिडनहॅमची १९१३ ची.

पण कॉलेज जवळ असलं म्हणजे नोकरीचं जग जवळ असतंच असं नाही. फोर्टमधली बरीच मोठी ऑफिसं गेल्या काही दशकांत लोअर परळ, बीकेसी, अंधेरी, ठाणे, नवी मुंबईकडे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ चा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगाव व काळबादेवी थेट बीकेसीशी जोडली गेली. त्यामुळे प्रवासाचा प्रश्न बराच सुटला. ओळखीचा मात्र तसाच राहिला. ज्या घरातलं कुणीच कधी अशा ऑफिसात काम करत नव्हतं, त्या घरातल्या मुलीने तिथे अर्ज कुठे करायचा, कुणाला विचारायचं, मुलाखतीत काय बोलायचं?

या प्रश्नासाठीच कॉलेजात एक जागा असते. कुठे तिला प्लेसमेंट सेल म्हणतात, कुठे करिअर गायडन्स सेल. बहुतेक विद्यार्थी तिच्याकडे शेवटच्या वर्षी फिरकतात, तेही 'कंपनी कधी येणार?' एवढंच विचारायला. काहींना वाटतं, तिथे नाव दिलं की नोकरी मिळते. काहींना वाटतं, ती फक्त हुशार आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी असते. या दोन्ही समजुतींमुळे ज्यांना तिची सर्वात जास्त गरज आहे, तेच तिच्यापासून लांब राहतात.

पूर्वी नोकऱ्या लागायच्या कशा?

मुंबईत नोकरी आणि ओळख यांचं नातं जुनं आहे. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती बराच काळ जॉबरच्या हातात होती. जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, ओळखीचे लोक आणायचा आणि त्याबद्दल अनेकदा दस्तुरीही घ्यायचा. जॉबरची ही पकड सैल करण्याचा एक प्रयत्न म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत आणली. गिरगावातल्या पांढरपेशा घरांतही चित्र फार वेगळं नव्हतं. काका बँकेत, मामा रेल्वेत किंवा शेजारचे गृहस्थ सरकारी कचेरीत असले, की जागा निघाल्याची बातमी आधी चाळीत यायची आणि नंतर वर्तमानपत्रात.

ज्यांच्याकडे असे काका-मामा नव्हते, त्यांच्यासाठी काहीतरी व्यवस्था हवी, ही कल्पना जगभर हळूहळू रुजली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवीधरांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी १८९२ मध्ये एक समिती नेमली. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली. मुंबईही यात मागे नव्हती. १९४१ मध्ये इथे बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो सुरू झाला, १९४७ मध्ये पारसी पंचायतीने आपलं मार्गदर्शन केंद्र काढलं आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनेही असा विभाग उघडला. भारतातल्या व्यवसाय मार्गदर्शनाचा इतिहास सांगताना या तिन्ही मुंबईकर प्रयत्नांचा उल्लेख केला जातो.

सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची सुरुवात १९४५ मध्ये झाली, ती मुळात युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. नंतर ती सगळ्यांना खुली झाली. कॉलेजातले प्लेसमेंट सेल याच वाटेवर पुढे आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेत कॉलेजांमध्ये करिअर आणि समुपदेशन कक्ष उघडायला मदत देऊ केली. 'नॅक'च्या मूल्यांकनात सात निकष असत. त्यातला पाचवा विद्यार्थ्यांना दिलेली मदत आणि त्यांची पुढची प्रगती यांचा होता. त्यामुळे आज बहुतेक कॉलेजांत असा सेल असतो, निदान कागदावर तरी.

दूरची ओळख जास्त उपयोगी का पडते?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ही नोकरी तुम्हाला कशी मिळाली? सुमारे ५६ टक्के लोकांना ती ओळखीतून मिळाली होती. पुढची गोष्ट मात्र अनपेक्षित होती. ज्या ओळखीने नोकरी मिळाली, त्या माणसाशी वारंवार भेट होणारे फक्त १७ टक्के होते. बाकीच्यांना ती बातमी दिली अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांनी.

कारण सोपं आहे. रोज भेटणाऱ्या माणसांना साधारण तेवढंच माहीत असतं, जेवढं आपल्याला असतं. चाळीतली माणसं अडीअडचणीला मध्यरात्री धावून येतील. पण बीकेसीतल्या एखाद्या कंपनीत प्रशिक्षणार्थी हवे आहेत, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल, तर ती देणार कुठून? नवी बातमी वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा थोड्या दूरच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात, असं दिसलं.

प्लेसमेंट सेलचं खरं काम इथे कळतं. तो नोकरी देत नाही. नोकरी कंपनीच देते. ज्या विद्यार्थ्याकडे दूरच्या ओळखी नाहीत, त्याला कॉलेजने आपल्याकडच्या वापरायला देणं, हे सेलचं काम. कॉलेजातून बाहेर पडलेले हजारो माजी विद्यार्थी, कॉलेजात येऊन गेलेल्या कंपन्या, शिक्षकांचे परिचय हा सगळा कॉलेजचा साठा असतो. श्रीमंत घरातल्या मुलाकडे असा साठा घरीच असतो. इतरांना तो सेलमध्ये मिळू शकतो.

सेलमध्ये असतं कोण आणि कॅम्पस ड्राइव्ह कसा होतो?

इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटच्या कॉलेजांत बहुधा पूर्णवेळ प्लेसमेंट अधिकारी असतो. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी कंपन्या दरवर्षी ठरल्यासारख्या येतात. कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या कॉलेजांत मात्र चित्र वेगळं असतं. तिथे सेलची जबाबदारी बहुतेक वेळा एखाद्या प्राध्यापकाकडे असते. शिकवणं, पेपर तपासणं, परीक्षेची ड्युटी सांभाळून तो हे काम बघतो. त्याच्या मदतीला विद्यार्थ्यांची समिती असते. हे लक्षात घेतलं, की सेलकडून काय अपेक्षा ठेवायची आणि स्वतः किती पुढे व्हायचं, याचा अंदाज येतो.

ड्राइव्हची पद्धत साधारण सारखी असते. आधी सेलमध्ये नाव नोंदवावं लागतं. मग कंपनी पद, पगार आणि पात्रता कळवते. दहावी, बारावी आणि पदवीला ठरावीक टक्के, बाकी राहिलेली केटी नसणं, अशा अटी असतात. पात्र विद्यार्थ्यांची यादी कंपनीला जाते. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, कधी ग्रुप डिस्कशन, मग एक-दोन मुलाखती आणि शेवटी निवड.

इथे दोन नियम आधीच विचारून घ्यावेत. अनेक कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक ऑफर' असा नियम असतो, म्हणजे एकदा निवड झाली की पुढच्या ड्राइव्हला बसता येत नाही. तसंच नाव देऊन ऐनवेळी गैरहजर राहिलं, तर पुढच्या ड्राइव्हमधून वगळलं जातं. हे नियम जाचक वाटले तरी त्यामागे कारण असतं. चार ऑफर एकाच मुलाने अडवून ठेवल्या, तर तिघांच्या जागा जातात. विद्यार्थी आलेच नाहीत, तर कंपनी पुढच्या वर्षी येत नाही.

ड्राइव्ह सोडून सेल काय करू शकतो?

बी.ए. किंवा बी.कॉम.च्या विद्यार्थ्यासाठी ड्राइव्हपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त मोलाच्या ठरतात. त्या मागाव्या लागतात, आपोआप मिळत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांशी गाठ: 'इतिहास घेऊन बी.ए. झालेले आपले कोणी विद्यार्थी वस्तुसंग्रहालयात, प्रकाशनात, वर्तमानपत्रात आहेत का?' असा नेमका प्रश्न घेऊन गेलं, तर शिक्षकांना दोन-तीन नावं आठवतातच. सेलने त्या माणसाला आधी विचारावं आणि मग संपर्क द्यावा. त्यानंतरचा निरोप छोटा असावा. उदाहरणार्थ: 'नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजात तृतीय वर्ष बी.ए.ला आहे. सरांनी आपला नंबर दिला. प्रकाशनाच्या कामाबद्दल तीन प्रश्न विचारायचे होते. या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळतील का?' नोकरी मागणारा निरोप माणसं टाळतात. माहिती विचारणाऱ्या निरोपाला बहुतेक जण उत्तर देतात.

बायोडेटा: अनेकांना वाटतं, 'आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाहीच.' गिरगावात १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. तिथल्या कितीतरी मुलांनी मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळलेली असतात, हिशोब लिहिलेला असतो, मिरवणुकीची व्यवस्था बघितलेली असते. 'छंद: वाचन, प्रवास' या ओळीपेक्षा 'मंडळाच्या वर्गणीचा दोन वर्षं हिशोब ठेवला, ऑडिटसाठी तयार केला' ही ओळ कितीतरी वजनदार आहे. आईच्या डब्यांच्या व्यवसायाचे ऑर्डर आणि पैसे सांभाळणं, शिकवण्या घेणं, दुकानात बसणं हाही अनुभवच. तो कसा लिहायचा, हे सांगायला अनुभवी माणूस लागतो. सेलमधल्या शिक्षकाने अर्धा तास दिला, तरी हे काम होतं.

सरावाची मुलाखत: पहिली मुलाखत खऱ्या कंपनीत देण्याऐवजी कॉलेजात द्यावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. पण मुलाखतीतले निम्मे प्रश्न ठरलेले असतात: स्वतःबद्दल सांगा, हा विषय का घेतला, इथे का यायचं आहे, एखादी अडचण कशी सोडवली. ही चार उत्तरं इंग्रजीत तयार करून दहा वेळा मोठ्याने म्हटली, की उरलेल्यासाठी धीर येतो.

शांत खोली: ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित मदत. आता पहिली फेरी अनेकदा ऑनलाइन होते. चाळीतल्या एका खोलीत, मागे कुकरची शिटी, शेजारी टीव्ही आणि गॅलरीत मुलं अशा स्थितीत व्हिडिओवर मुलाखत देणं कठीण. कॉलेजची एक रिकामी वर्गखोली, कॉम्प्युटर आणि चांगलं वायफाय एका तासासाठी मागायला काहीच हरकत नाही. सेलने ते द्यायलाच हवं.

पत्र: अनेक ठिकाणी इंटर्नशिपसाठी कॉलेजचं शिफारसपत्र, बोनाफाइड किंवा ना-हरकत पत्र लागतं. त्यावर सही-शिक्का मिळायला आठवडा जातो. ते आधीच तयार ठेवलेलं बरं.

ऑन जॉब ट्रेनिंग: आता हा प्रश्न प्रत्येकाचा आहे

पूर्वी इंटर्नशिप ही हौसेची गोष्ट होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तसं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगसाठी ४ क्रेडिट ठेवले आहेत. एका क्रेडिटला साधारण ३० तास धरले, तर हे १२० तासांचं प्रत्यक्ष काम होतं.

म्हणजे बी.ए.च्या मुलीलाही आता कुठेतरी जाऊन काम करावंच लागणार आहे. इथेच ओळखीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्याचे वडील चार्टर्ड अकाउंटंट आहेत, त्याला चांगल्या फर्ममध्ये जागा मिळेल. ज्याचं कुणी नाही, तो ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्का आणेल आणि १२० तास घरी बसेल. मार्कशीटवर दोघांचे क्रेडिट सारखेच दिसतील, पण एकाला कामाचा अनुभव मिळालेला असेल आणि दुसऱ्याला फक्त कागद.

हा फरक कमी करण्याची सगळ्यात मोठी संधी सेलकडे आहे. कॉलेजने स्वतः जागांची यादी केली, मागच्या वर्षी कुठे खरं काम मिळालं आणि कुठे फक्त झेरॉक्स काढायला लावली हे नोंदवलं, तर पुढच्या तुकडीचं नुकसान टळतं. विद्यार्थ्यांनी पाचव्या सत्राच्या सुरुवातीलाच ही यादी मागावी. सहाव्या सत्रात सगळे एकदम धावतात.

पदवीनंतर लगेच नोकरी नसेल तर?

मुलाखतीत 'अनुभव आहे का?' असं विचारतात आणि अनुभव मिळायला नोकरी लागते. या चक्रातून सुटायची एक जुनी वाट म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ती चालते. पदवी आणि पदविकाधारकांसाठी केंद्राची 'नॅट्स' ही योजना आहे आणि पश्चिम भारताचं तिचं मंडळ मुंबईतच आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. यात वेळोवेळी बदल होतात, म्हणून ताजा आकडा पोर्टलवर बघावा. ही योजना फक्त इंजिनिअरसाठी नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही तिच्यात जागा असतात.

विज्ञान आणि संगणकाच्या पदवीधरांसाठी काही कंपन्यांच्या शिकता-शिकता काम करण्याच्या योजना आहेत. विप्रोच्या 'वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम'मध्ये बी.सी.ए. आणि बी.एस्सी. झालेल्यांना नोकरीबरोबर पुढचं शिक्षण घेता येतं. सरकारी परीक्षांकडे वळणाऱ्यांसाठी सीएसएमटीजवळ हजारीमल सोमाणी मार्गावर राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे. १९७६ पासून ती नागरी सेवा परीक्षेची तयारी करून घेते. प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. फणसवाडीतून ही संस्था सहज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरी अनेकांना तिचं नावही माहीत नसतं. अशा तारखा नोटीस बोर्डवर वेळेत लागल्या, तरी सेलने मोठं काम केलं असं म्हणता येईल.

ऑफर लेटर आलं. सही करण्याआधी काय बघायचं?

घरात आधी कुणी ऑफर लेटर पाहिलेलं नसेल, तर ते सेलमधल्या शिक्षकांना दाखवून घ्यावं. मुख्य घोटाळा होतो तो 'सीटीसी' या शब्दाचा. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. हातात येणारा पगार त्यापेक्षा कमी असतो.

समजा, सीटीसी ३,६०,००० रुपये आहे. बाराने भागलं की महिना ३०,००० वाटतो. आता आत काय असतं ते बघू. कामगिरीनुसार वर्षअखेरीस मिळू शकणारे ३६,००० रुपये. मूळ पगार १५,००० धरला, तर पीएफमधला कंपनीचा १२ टक्के हिस्सा वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८,६५८. आरोग्य विम्याचा हप्ता ६,०००. हे वजा केलं की उरतात २,८७,७४२, म्हणजे महिन्याला साधारण २३,९७८. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० जातो. उरतात २२,१७८. पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर बहुतेक महिन्यांत आणखी २०० जातो. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. म्हणजे कागदावरचे ३०,००० हातात येईपर्यंत २२,००० होतात. यात फसवणूक नाही, पीएफ आपलाच असतो. पण घरी 'तीस हजारांची नोकरी लागली' असं सांगून त्या हिशोबाने कर्ज काढलं, तर पंचाईत होते.

दुसरी गोष्ट बाँडची. 'दोन वर्षांच्या आत सोडलं तर इतके पैसे भरावे लागतील' अशी अट असू शकते. 'बाँड कोर्टात टिकतच नाही' असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे रक्कम, मुदत आणि नोटीस पीरियड वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात.

आणि तिसरी गोष्ट पैशांची. नोकरी देण्यासाठी 'डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी', 'लॅपटॉपचे पैसे' मागणारा फोन आला, तर तो बहुधा फसवणुकीचा असतो. कंपनीच्या नावाशी मिळताजुळता ईमेल पत्ता पाठवून फसवण्याचे प्रकारही होतात. अशा वेळी सेलकडून कंपनीला विचारून खात्री करून घ्यावी. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

'१०० टक्के प्लेसमेंट' म्हणजे किती टक्के?

कॉलेज निवडताना जाहिरातीतला हा आकडा नीट तपासावा. समजा, शेवटच्या वर्षाला ६०० विद्यार्थी आहेत. सेलमध्ये नाव नोंदवलं १५० जणांनी. टक्के आणि केटीच्या अटींत बसले ९०. त्यातल्या ८१ जणांना नोकरी मिळाली. जाहिरातीत लिहिता येईल '९० टक्के प्लेसमेंट'. पण ६०० पैकी ८१ म्हणजे साडेतेरा टक्के. दोन्ही आकडे खरेच, फक्त कशाला भागलं ते वेगळं.

'सर्वाधिक पॅकेज' हा आकडाही एकाच विद्यार्थ्याचा असतो. त्याऐवजी मधला पगार विचारावा, म्हणजे अर्ध्या मुलांना ज्यापेक्षा जास्त आणि अर्ध्यांना ज्यापेक्षा कमी मिळाला तो. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना ही माहिती भरून वेबसाइटवर ठेवावी लागते: किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले. नॅकसाठी दिलेला स्वयंमूल्यमापन अहवालही बहुधा वेबसाइटवर असतो. जाहिरातीपेक्षा हे कागद जास्त बोलके असतात.

कोणत्या वर्षी काय करायचं?

पहिल्या वर्षी सेल कुठे आहे, कोण बघतं, ते माहीत करून घ्यावं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सामील व्हावं. सेलच्या विद्यार्थी समितीत जागा असेल तर जरूर जावं. कंपन्यांना फोन करणं, आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था बघणं, यातूनच पहिल्या दूरच्या ओळखी तयार होतात.

दुसऱ्या वर्षी बायोडेटाचा पहिला मसुदा करून शिक्षकांना दाखवावा. दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलावं. सुट्टीत महिनाभराचं एखादं काम करावं. राहिलेल्या केटी सोडवाव्यात, कारण बहुतेक ड्राइव्हमध्ये नावं आधी तिथेच गळतात.

तिसऱ्या वर्षी जूनमध्येच नाव नोंदवावं, नियम वाचावेत, ऑन जॉब ट्रेनिंगची जागा दिवाळीपर्यंत ठरवावी आणि किमान दोन सरावाच्या मुलाखती द्याव्यात. ड्राइव्हमध्ये निवड झाली नाही, तरी सेलशी संबंध तोडू नये. निकालानंतरच्या सहा महिन्यांतही कंपन्यांकडून सेलला जागा कळत राहतात, पण त्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्यांपर्यंत त्या पोचत नाहीत.

सेल फक्त पाटीपुरता असेल तर?

काही कॉलेजांत दारावर पाटी असते आणि आत कुलूप. तक्रार करून फारसं होत नाही. छोटी, नेमकी मागणी मात्र मान्य होऊ शकते. 'प्लेसमेंट सुधारा' असं म्हणण्यापेक्षा 'मागच्या पाच वर्षांत आपल्या विभागातून पास झालेल्यांपैकी जे संपर्कात आहेत, त्यांची यादी करायला आम्ही दहा जण तयार आहोत, परवानगी द्या' असं लेखी पत्र विभागप्रमुखांना द्यावं. यादी झाली, की तीच सेलची सुरुवात असते. त्या माजी विद्यार्थ्यांपैकी महिन्यातून एकाला शनिवारी वर्गात बोलवावं. खर्च चहा-बिस्किटांचा.

आणि ज्याला अशा मदतीतून नोकरी लागते, त्याचंही एक काम उरतं. जॉइन झाल्यावर आपला नवा नंबर आणि कंपनीचं नाव सेलला कळवायचं. पुढच्या वर्षी फणसवाडीतली, लालबागची किंवा दादरची एखादी मुलगी त्याच ऑफिसबद्दल विचारायला येईल, तेव्हा शिक्षकांकडे तिला सांगायला एक नाव असेल.